स्वयंपाकघरातली लाइन

अविनाशराव कारखानीसांनी टेलिफोन खात्यातली सगळी नोकरी तांब्याच्या तारेवर काढली, आणि निवृत्त होऊन नोएडातल्या ज्या नव्या सोसायटीत ते राहायला आले तिथे नेमकी तार आलेली नव्हती. लिफ्ट होती. पोहण्याचा तलाव होता, त्यात पाणी यायचं होतं. अकराव्या मजल्याच्या गॅलरीतून दिल्ली दिसते असं बिल्डरच्या माणसाने सांगितलं होतं, आणि हवा बरी असेल त्या दिवशी ती दिसायचीही. फोनची लाइन तेवढी नव्हती.

"ज्या दिल्लीला मी तारा पुरवल्या, तिनेच मला बाहेर काढलं," अविनाशराव म्हणाले.

"बुकिंग तुम्ही केलंत," सरलाबाई म्हणाल्या.

सरलाबाईंनी पहाडगंजच्या मराठी शाळेत अनेक वर्षं शिकवलं होतं. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमधून रोज बसने जायचं, बसने यायचं आणि संध्याकाळी चौघांचा स्वयंपाक करायचा. धाकटा मानस अजून घरात होता; नोएडातच एका कंपनीत होता आणि कंपनीची कॅब त्याला न्यायला यायची. थोरली देविका लग्न होऊन रॉटरडॅमला होती. क्वार्टरमध्ये होते तोवर दर रविवारी तिचा फोन यायचा. सरलाबाई बराच वेळ बोलायच्या आणि शेवटी रिसीव्हर नवऱ्याच्या हातात द्यायच्या. अविनाशराव म्हणायचे, "बरी आहेस ना? हं. हवा कशी आहे? हं. ठेवतो." दिल्लीतल्या लाखो लोकांना बोलता यावं म्हणून हा माणूस उन्हातान्हात उभा राहिला होता, स्वतःच्या बोलण्यासाठी त्याने लाइन फारशी अडवली नाही.

नव्या घरात फोन नाही म्हटल्यावर मानसने इंटरनेटचा डोंगल आणला. पेनड्राइव्हएवढी वस्तू होती. लॅपटॉपला लावायची आणि स्काइपवर देविकाला बघत बोलायचं.

"याला वायर नाही, बाबा. घरात कुठेही बसा."

मग त्याने लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून आरतीचं ताट फिरवावं तसा घरभर फिरवला. हॉलमध्ये सिग्नलची एक दांडी आली. बेडरूममध्ये काही नाही. छोट्या खोलीत, जिथे अविनाशरावांचं टेबल होतं, तिथेही काही नाही. स्वयंपाकघरात मात्र ओट्याच्या टोकाला, खिडकीजवळ, कणकेच्या डब्यावर लॅपटॉप ठेवला की सगळ्या दांड्या भरायच्या.

"कुठेही म्हणजे इथे," अविनाशराव म्हणाले.

"सध्या इथे," मानस म्हणाला.

पुढच्या आठवड्यात अविनाशरावांनी नेहरू प्लेसहून हातभर लांबीची वायर आणली, तिच्या टोकाला डोंगल लावला आणि तो खिडकीच्या गजाला बांधला. सरलाबाईंची पुरणाची चाळणी त्याच्यामागे उभी केली, म्हणजे सिग्नल एकवटतो. तो खरंच एकवटला. पण वायरलेसला वायर लागली, हे त्यांनी मानसला त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि पाहुणे आले तेव्हा पाहुण्यांना सांगितलं.

अशा रीतीने अविनाशराव स्वयंपाकघरात आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते तिथे पाणी प्यायलाही क्वचितच यायचे. पाणी बाहेर जायचं. आता फ्रिज आणि पाण्याचा फिल्टर यांच्यामधल्या जागेत जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची कायमची आली. ते सकाळी चहा झाला की तिथे बसायचे. पेन्शनच्या बातम्या वाचायचे, जुन्या सहकाऱ्यांना मेल लिहायचे. सरलाबाईंना खालची ट्रॉली उघडायची असली की त्या म्हणायच्या, "पाय." अविनाशराव पडद्यावरून नजर न काढता पाय वर घ्यायचे. ट्रॉली बंद झाली की पाय खाली.

पहिला महिनाभर सरलाबाईंना हे अजिबात आवडलं नाही. स्वयंपाक करताना त्या मनाशी बोलायच्या, ते बंद झालं. भाजीत पाणी जास्त पडलं तर ते आता बघायला कुणी तरी होतं. पण जानेवारीत मटार आले. लॅपटॉपवर एकेक पान उघडायला वेळ लागायचा, त्या वेळात अविनाशरावांचे हात रिकामे असायचे, म्हणून सरलाबाईंनी एक दिवस शेंगांची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी काही विचारलं नाही, सोलायला लागले. इंटरनेट जितकं हळू, तितके मटार जास्त. त्या हिवाळ्यात कारखानीसांकडे मटारउसळ, मटारभात आणि मटारच्या करंज्या इतक्या झाल्या की मानस ऑफिसात जेवायला लागला.

रविवारी दुपारी, इकडे स्वयंपाक चालू असताना, तिकडे देविकाची सकाळ असायची. सरलाबाईंचे हात पिठात असायचे, त्यामुळे पडद्यासमोर अविनाशराव बसायचे आणि निरोप पोचवायचे.

"बाबा, आईला विचारा ना, तो ताकातला भात कसा करायचा?"

"ती म्हणते, आधण आलं की कण्या वैर."

"वैर म्हणजे? दुश्मनी?"

अविनाशरावांनी मागे वळून पाहिलं. सरलाबाईंनी हाताने ओतल्याची खूण केली.

"पाण्याला उकळी आली की तांदूळ टाक," अविनाशराव म्हणाले. "वैर नाही."

दिल्लीत वाढलेल्या मुलीला 'वैरणे' माहीत नव्हतं हे एक. पण 'आधण' हा शब्द आपल्यालाही आज कळला, असं अविनाशरावांनी रात्री जेवताना कबूल केलं. हळूहळू बापलेकीचं बोलणं भातावरून इतर गोष्टींवर जायला लागलं. ऑफिसातली भांडणं, तिथला पाऊस, सायकलची चोरी. चित्र मध्येच थिजायचं, आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, कधी नुसतंच तुटायचं. अविनाशराव दात-ओठ खात परत जोडायचे. "हे तारेवर झालं नसतं," असं म्हणायचे. सरलाबाई पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या. ही दोघं एवढं बोलतात, हे त्यांना नवीन होतं. त्यांना बरं वाटायचं, आणि थोडं चुकल्यासारखंही वाटायचं. पूर्वी सायकलची चोरी आधी त्यांना कळली असती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सरलाबाई मिक्सरवर चटणी वाटत होत्या. वाटून झाली, मिक्सर बंद केला, तेव्हा पडद्यावर देविकाचा चेहरा तोंड अर्धवट उघडं अशा अवस्थेत थिजलेला होता आणि अविनाशराव त्याच्याकडे बघत बसले होते.

"गेली का लाइन?"

"गेली."

"काय म्हणत होती?"

"येईल परत," ते म्हणाले.

त्या दिवशी ती आली नाही. अविनाशराव जेवले, पण चटणी छान झाली आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं, तेव्हाच सरलाबाईंना काहीतरी वेगळं वाटलं. दुपारच्या चहाला त्यांनी कप पुढे ठेवला आणि समोर बसल्या.

"देविका वेगळी राहते," अविनाशराव म्हणाले.

"कुठे? बदली झाली का?"

"रॉटरडॅमलाच. अंशुमनपासून वेगळी. मार्चपासून."

सरलाबाईंनी साखरेचा डबा बंद केला.

"तिने तुम्हाला सांगितलं?"

"मी समोर होतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

अविनाशरावांनी कप बाजूला सरकवला. "मी म्हटलं, ऐकू येत नाही, परत बोल."

सरलाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"खरंच ऐकू आलं नव्हतं. मिक्सर चालू होता. तिने परत सांगितलं, तेवढ्यात चित्र थांबलं. मी म्हटलं, फक्त 'राहते' एवढंच आलं, त्याच्या आधीचं सांग. तेव्हा ती ओरडून म्हणाली. ते स्वच्छ ऐकू आलं. आणि मग लाइन गेली."

"म्हणजे तुम्ही काही बोललाच नाहीत."

"मी बोललो. ते पोचलं की नाही, माहीत नाही."

"काय बोललात?"

"बरं, असं म्हटलं."

संध्याकाळी सरलाबाईंनी मोबाइलवरून फोन लावला. स्वतःचाच आवाज मागून परत येत होता. देविका म्हणाली, "बाबांनी सांगितलं ना? मग झालं. मी ठीक आहे, आई. भांडण वगैरे काही नाही. जमलं नाही, एवढंच." सरलाबाईंना विचारायच्या होत्या त्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण आवाजाला आवाज धडकत होता, म्हणून त्यांनी नीट जेवतेस ना, असं विचारलं. ती नीट जेवत होती.

मानस कामावरून आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं. तो बूट काढत होता. तो बूट काढतच राहिला.

"तुला माहीत होतं?"

"तिने चॅटवर लिहिलं होतं मला. एप्रिलमध्ये. बोली, आईला मीच सांगेन."

म्हणजे भावाला कळलं, बापाला कळलं, आणि जिने तिला बोलायला शिकवलं तिला चहाबरोबर कळलं. सरलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी त्या रात्री मसाल्याचे सगळे डबे रिकामे करून घासून पालथे घातले. अविनाशरावांनी ते पुसले.

दुसऱ्या दिवसापासून अविनाशराव तारेच्या मागे लागले. आजवर ते कुरकुर करत होते. आता ते कामाला लागले. मानस म्हणाला, थ्री-जी येतंय, जरा थांबा, वायरचा जमाना संपला, बाबा. अविनाशराव म्हणाले, "तुझा टॉवरसुद्धा शेवटी कुठल्या ना कुठल्या तारेवरच अवलंबून आहे. आणि मला जमान्याशी काम नाही. तिला एक वाक्य तीनदा बोलावं लागलं."



तार द्यायला एक कंपनी तयार होती. सोसायटी तयार नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी हरिदास त्यागी तळघरात, जनरेटरच्या शेजारच्या खोलीत बसायचे. ज्या जमिनीवर हे टॉवर उभे होते, तिच्यातल्या काही भागावर पूर्वी त्यांच्या काकांचा ऊस होता. आता त्यांचे इथे दोन फ्लॅट होते आणि सोसायटीच्या भिंतींवर त्यांचा जीव होता. सप्टेंबरात अविनाशराव त्यांच्याकडे गेले तेव्हा सरलाबाईही बरोबर गेल्या. नवरा खात्याच्या भाषेत बोलायला लागला की काम बिघडतं, हा त्यांचा अनुभव होता.

"देखिए कारखानीस साहब," त्यागी म्हणाले, "बाहर से तार आएगी तो एलिवेशन खराब होगा, बिल्डिंग की शकल बिगड़ेगी."

"तो अंदर से लाएँगे."

"अंदर तारों की शाफ्ट है. उसमें ताला है. चाबी बिल्डर के पास है."

"बिल्डर कहाँ है?"

"बिल्डर दुबई में है."

जनरेटर चालू झाला आणि काही वेळ कुणालाच बोलता आलं नाही. तो बंद झाल्यावर अविनाशराव आता नियम सांगणार, खात्याची परिपत्रकं सांगणार, या तयारीने सरलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. पण ते म्हणाले, "बेटी हॉलंड में है. पति से अलग हो गई है. अकेली रहती है. इतवार को बात होती है, तो आधी बात कट जाती है."

सरलाबाईंनी ही गोष्ट पुण्याच्या सख्ख्या बहिणीलाही अजून सांगितली नव्हती. त्या नुसत्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

त्यागींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी मुलीबद्दल काही विचारलं नाही. सहानुभूतीचंही काही बोलले नाहीत.

"चाबी बिल्डर के पास है," ते म्हणाले. "ताला तो सोसायटी का है. तुड़वा देते हैं."

तरी कुलूप तुटायला आंतरराष्ट्रीय खेळ संपावे लागले. दिल्लीत तेव्हा त्या मोठ्या खेळांची गडबड होती आणि कंपनीची माणसं मिळत नव्हती. शेवटी नोव्हेंबरात निरोप आला की उद्या माणूस येतो. अविनाशराव मात्र त्याच दिवशी सरोजिनीनगरच्या बँकेत जाणार होते. पेन्शन चालू राहायची तर दर नोव्हेंबरात तिथे जाऊन आपण जिवंत आहोत असं दाखवावं लागायचं. त्यांनी आदल्या दिवशी छोट्या खोलीतलं टेबल आवरलं, खुर्चीला नवी उशी घातली, आणि भिंतीवर, जिथे पॉइंट हवा तिथे, पेन्सिलने फुली मारली.

"त्याला ही फुली दाखव. बाकी काही बोलू नकोस. दार लावून बसता येईल, मिक्सरचा त्रास नाही."

तारवाला शंकर दुपारी आला. खांद्यावर तारेचं वेटोळं, हातात ड्रिल. सरलाबाईंनी त्याला छोट्या खोलीत नेलं, फुली दाखवली. त्याने ड्रिलची पिन प्लगमध्ये घातली. सरलाबाईंनी त्या फुलीकडे पाहिलं, मग त्या नव्या उशीकडे, मग दाराकडे. या दाराआड रविवारी बापलेक बोलतील. स्वच्छ ऐकू येईल. काय बोलणं झालं ते आपल्याला चहाच्या वेळी कळेल.

"यहाँ नहीं," त्या म्हणाल्या. "किचन में लगाओ."

"किचन में तो कोई नहीं लगवाता, आंटीजी."

"हमारे यहाँ वहीं बैठते हैं."

शंकरने खांदे उडवले. वेटोळं उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन कणकेच्या डब्यामागे भोक पाडलं.

अविनाशराव संध्याकाळी आले. जिवंत असल्याचं मान्य झालं होतं. हातपाय धुऊन ते छोट्या खोलीत गेले, तिथून स्वयंपाकघरात आले. सरलाबाई भाजी चिरत होत्या, आणि भाजीकडेच बघत होत्या. अविनाशरावांनी डबा सरकवला, वाकून पॉइंट पाहिला, तार बोटांनी चाचपली, ती कुठून आली याचा नजरेने शाफ्टपर्यंत माग काढला.

"बरोबर जागा आहे," ते म्हणाले. "शाफ्टपासून जवळ पडतं. उगाच लांब नेली की लाइन मंदावते."

छोट्या खोलीपर्यंतच्या तारेने लाइनला काही होणार नव्हतं, हे इतकी वर्षं टेलिफोनवाल्याशी संसार केलेल्या बाईला चांगलं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "तसंच असेल." मग अविनाशराव खोडरबर घेऊन छोट्या खोलीत गेले आणि भिंतीवरची फुली पुसून आले.

पहिल्या रविवारी सरलाबाईंनी स्वयंपाक लवकर उरकला, हात धुतले आणि दुसरी खुर्ची आणून पडद्यासमोर बसल्या. देविका आली. चित्र इतकं लख्ख होतं की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली आणि मागच्या भिंतीशी लावलेली, अजून न उघडलेली खोकीही दिसली. आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"दिसतेय का मी?"

"दिसतेस," अविनाशराव म्हणाले.

मग कुणीच काही बोललं नाही. इतके दिवस असं झालं की लाइनवर ढकलता यायचं. हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का, असं म्हणत वेळ काढता यायचा. आता सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि देविकाकडच्या कुठल्या तरी घड्याळाची टिकटिक तेवढी येत होती.

"मला का नाही सांगितलंस?" सरलाबाईंनी विचारलं. त्यांना हे असं विचारायचं नव्हतं.

देविकाने कप हातात फिरवला. "तू एकदाच ऐकून घेतलं असतंस, आई."

"म्हणजे?"

"तुला सांगितलं की सांगून झालं असतं. खरं झालं असतं. बाबांना सांगताना मला वाटलं, नाही पोचलं तर बघू, परत विचार करू. आणि पहिल्यांदा नाहीच पोचलं. दुसऱ्यांदा पण नाही." ती जरा हसली. "तिसऱ्यांदा मीच ओरडले. मग म्हटलं, बिल्कुल ठीक आहे, मला हेच म्हणायचंय."

सरलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. अविनाशराव खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या टॉवरवर कुणाची तरी चादर वाळत होती.

"मागचं कपाट नवीन आहे का?" सरलाबाईंनी विचारलं.

"जुनंच. जिना इतका अरुंद आहे, इथे सगळे खिडकीतून वर ओढतात. दोर लावून."

"कुणी ओढलं?"

"अंशुमनने. आणि त्याच्या एका मित्राने."

"मग माणूस बरा आहे की."

"कपाट चढवायला बरा आहे, आई."

अविनाशराव आधी हसले. मग देविका. सरलाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी खुर्ची पडद्याकडे ओढली.

"तुझ्या घरात लाइन कुठून येते?" अविनाशरावांनी विचारलं.

"वायफाय आहे, बाबा."

"वायफायला कुठून तरी येतच असेल. ते दाखव."

देविकाने लॅपटॉप उचलला आणि चालायला लागली. खोकी मागे पडली. एक अरुंद पॅसेज आला, त्यात एक सायकल टेकवलेली. एक छोटी झोपायची खोली, पलंगावरचं पांघरूण घडी न केलेलं. खिडकीबाहेर राखाडी आभाळ, ओल्या छपरांची रांग. मग स्वयंपाकघर, दोन शेगड्यांचं, खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. मग बाहेरच्या दाराशी ती खाली वाकली आणि कोपऱ्यातल्या एका पांढऱ्या डबीवर तिने कॅमेरा धरला.

"ही इथे. दिसली?"

अविनाशराव पुढे झुकले. "दिसली. कुणी लावलीय? स्क्रू तिरका आहे."

"पुढच्या वर्षी येऊन सरळ करा."

"बघतो," अविनाशराव म्हणाले.

सरलाबाईंचं त्या डबीकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पॅसेजातल्या खुंट्या पाहिल्या होत्या; तीन होत्या, आणि एकीवरच कोट होता.

"जरा ते स्वयंपाकघर परत दाखव," त्या म्हणाल्या. "मघाशी घाईत गेलं."